डक्टवरचा फायबरचा पत्रा

आमच्या सोसायटीत सगळे उच्चशिक्षित राहतात, असं आमचे चेअरमन नव्या भाडेकरूला पहिल्याच भेटीत सांगतात. ते खोटं नाही. कोथरूडमधल्या या जुन्या चार मजली इमारतीत इंजिनियर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एक दंतवैद्य आहे, आणि हिंजवडीच्या बससाठी सकाळी धावत सुटणारी तरुण मंडळी तर प्रत्येक मजल्यावर आहेत. मी स्वतः शाळेत मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झाले. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते, हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं. सगळी मुलं पेपरात ते बरोबर लिहायची. मोठेपणी या वाक्याचा कुणालाही कशालाही उपयोग होत नाही, हे मात्र मला निवृत्त झाल्यावर, माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून कळलं.

आमच्या इमारतीच्या दोन बाजूंच्या मधोमध एक अरुंद पोकळी आहे. खालपासून गच्चीपर्यंत. तिला सगळे डक्ट म्हणतात. सांडपाण्याचे पाइप तिच्यातून खाली जातात, आणि त्या बाजूच्या घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यात उघडतात. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या खिडकीतून संध्याकाळी चांगली झुळूक यायची. पुण्याला पंखासुद्धा फार लागत नाही, असं सांगण्यात तेव्हा पुणेकरांना मोठी फुशारकी वाटायची. मुंबईच्या नातेवाइकांना घरी बोलावून, खिडकी उघडून, हवा दाखवायचे लोक. जणू ती हवा यांनीच केली होती.

मग उन्हाळे तापत गेले. गेल्या काही वर्षांत तर मार्चमध्येच अंगाची लाही व्हायला लागली. तरी आमच्या सोसायटीत पहिला कूलर आणला तो पुणेकराने नव्हे. तळमजल्यावर नागपूरचं एक जोडपं भाड्याने राहायला आलं, त्यांनी आणला. त्यातला तरुण मुलगा, म्हणजे नवरा, हिंजवडीला कामाला होता. त्याने गॅलरीच्या खिडकीत तो भला थोरला पत्र्याचा कूलर बसवला, आत गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी. मी बघायला गेले, तर म्हणाला, “काकू, एवढ्याशा उन्हाला तुम्ही लोक उन्हाळा म्हणता? आमच्याकडे तर सकाळीच रस्ते ओस पडतात.” मग त्याने मला नीट समजावलं. कूलर खिडकीतच हवा, बाहेरची कोरडी हवा त्याने ओढली पाहिजे. समोरचं दार उघडं हवं, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. सीझनच्या सुरुवातीला गवत बदलायचं, टाकी घासायची, पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर डास. त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या उन्हाळा काढायची रीत होती. आमच्याकडे फक्त तक्रार करायची होती.

तो कूलर सोसायटीला महिनाभरसुद्धा सहन झाला नाही. चेअरमनांनी कमिटीची बैठक बोलावली. सचिव म्हणजे आमचे हे. ते खडकीच्या फॅक्टरीत ऑफिसात होते. आयुष्यभर त्यांनी टाइप केलेल्या कागदावर दुसऱ्याची सही घेतली आणि निवृत्तीनंतर सोसायटीत तेच काम हौसेने पत्करलं. बैठकीत ठरलं की कूलरने इमारतीचं एलेव्हेशन बिघडतं. एलेव्हेशन म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग. आमच्या इमारतीच्या दर्शनी भागासमोर एक भंगारवाला, एक गॅरेज आणि कचऱ्याचा ट्रक उभा राहायची जागा आहे. यांपैकी कुणाला ते एलेव्हेशन बघून डोळ्यांचं पारणं फेडायचं होतं, हे मी घरी विचारलं.

“अगं, प्रश्न शिस्तीचा आहे,” हे म्हणाले. “उद्या एसीची युनिटंही लोक पुढेच टांगतील.”

“मग कुठे टांगायची?”

“तेही ठरलंय. डक्टमध्ये.”

मी हातातली पळी खाली ठेवली. “अहो, एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती नाहीशी करत नाही. ती डक्टमध्ये टाकली तर आपल्याच स्वयंपाकघरात येईल.”

“डक्ट वर उघडाच आहे की,” हे म्हणाले, आणि नोटीस टाइप करायला बसले.

नागपूरच्या मुलाने मुकाट्याने कूलर विकला आणि एसी घेतला. पाठोपाठ सगळ्यांनी घेतले. उन्हामुळे घेतले असं मी म्हणणार नाही. भाडेकरूकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे मालकांना बघवेना. बघता बघता डक्टच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत पांढरी खोकी लागली, एकमेकांच्या तोंडावर तोंड करून. एकाने सोडलेली गरम हवा समोरच्याने ओढायची आणि आणखी तापवून परत त्याच्या तोंडावर टाकायची. कमिटीच्या सभेत ही माणसं एकमेकांशी अगदी असंच बोलतात, म्हणून मला त्याचं फार नवल वाटलं नाही.

तरी वरचं तोंड उघडं होतं तोवर बरं होतं. पण त्या खोक्यांवर कबुतरं बसायला लागली. चेअरमनांच्या बाथरूमच्या खिडकीवर त्यांची घाण व्हायला लागली. बाकी कुणाच्या खिडकीवर झाली असती तर बहुधा सहन करा म्हणाले असते. आता मात्र तातडीने ठराव झाला आणि गच्चीवर डक्टच्या तोंडावर फायबरचा पत्रा ठोकण्यात आला. चारी बाजूंनी घट्ट. कबुतरं गेली. डक्टमधली हवाही तिथेच अडकली.

त्या मे महिन्यात इमारतीतले एसी एकामागून एक रुसायला लागले. दुपारी ऐन गरजेच्या वेळी बंद पडायचे, थोडा वेळ गेला की सुरू व्हायचे, पुन्हा बंद. कारण सरळ होतं. बाहेरच्या युनिटला थंड व्हायला थंड हवा लागते. तिथे भट्टी झालेली. यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला बंद होणारच. पण सोसायटीने ज्याला वर्षाचं काम दिलं होतं, तो मेकॅनिक यायचा, बाहेरच्या युनिटकडे न बघताच सांगायचा, “गॅस कम है,” आणि गॅस भरून जायचा. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा यायचा, पुन्हा गॅस भरायचा. एसीतला गॅस काही स्वयंपाकाचा नव्हे, की वापरला आणि संपला. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळत असेल तर आधी गळती बुजवायला हवी. हे मी त्याला एकदा जिन्यात अडवून विचारलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच गळतेय. “मॅडम, आप टेन्शन मत लो,” म्हणाला आणि पुढच्या घराची बेल वाजवली. त्याला समजत नव्हतं असं नाही, त्याला समजून घ्यायचं कारणच नव्हतं. इमारतभर पदवीधर माणसं दर पंधरवड्याला दार उघडून त्याचं स्वागत करत होती.

आमच्याकडे एसी नव्हता. हे म्हणायचे, आपल्याला काय करायचाय. त्यांना खरंच काही करायचं नव्हतं. ते पुढच्या खोलीत पंख्याखाली बसायचे. स्वयंपाकघरात मी असायचे, आणि डक्टची खिडकी उघडली की सगळ्या शेजाऱ्यांच्या बेडरूममधली उष्णता माझ्या तोंडावर यायची. खिडकी बंद केली की फोडणीचा धूर कोंडायचा. दुसऱ्या मजल्यावर माझी ही गत. सगळ्यात वर काय होत असेल, याचा विचार मीही उशिराच केला.

सगळ्यात वर, डक्टच्या बाजूच्या घरात, पोळ्या करून देणाऱ्या बाई भाड्याने राहायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी हे काम सुरू केलं होतं. आसपासचे विद्यार्थी आणि एकटेदुकटे नोकरदार त्यांच्याकडून डबा न्यायचे. बाई अंगाने बारीक, जिभेने तिखट. कुणी म्हटलं पोळी जरा जाड झाली, तर म्हणायच्या, “उद्यापासून कागद देते, पातळ असतो.” दुसऱ्याच्या तोंडावर असं बोलणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. आमचं जिन्यात बोलणं व्हायचं, पण एकमेकींच्या घरी जाणं फारसं नव्हतं.

त्या दिवशी डबा न्यायला आलेल्या एका विद्यार्थिनीने जिन्यातून हाक मारली म्हणून मी वर धावले. दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला टेकून बसलेल्या. डोळे अर्धे मिटलेले, तोंड लालभडक, आणि घाम मात्र थांबलेला. कोपरापासून मनगटापर्यंत तव्याचा चटका बसलेला. पडताना हात तव्यावर गेला होता. शेगडी चालूच होती. मी ती बंद केली, आणि क्षणभर त्या खिडकीपाशी उभी राहिले, तर मलाच घेरी येईल असं वाटलं. डक्टमधून वर आलेली सगळी गरम हवा पत्र्याला थडकून त्या एका खिडकीतून आत वळत होती. पोळ्यांचं पीठ परातीत आंबट झालं होतं.

आम्ही दोघींनी त्यांना पुढच्या खोलीत ओढत आणलं. ओली चादर अंगावर टाकली, पंखा लावला, त्या मुलीने रिक्षा आणली. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, उन्हात फिरत होतात का? बाई डोळे न उघडताच म्हणाल्या, “नाही हो. घरात बसून शेजाऱ्यांचं ऊन खात होते.”

त्या संध्याकाळी मी तडक चेअरमनांकडे गेले. बँकेत मोठ्या पदावर होते ते. अजूनही समोरच्याचं कर्ज नामंजूर करायचंय अशा चेहऱ्याने दार उघडतात. इमारतीतले बहुतेक सगळे मला बाई म्हणतात, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांची मुलं माझ्या वर्गात होती. चेअरमन वहिनी म्हणतात. तसं म्हटलं की माझी नोकरी, शिक्षण सगळं पुसून सचिवांची बायको तेवढी उरते.

“या वहिनी. बसा. एसीखाली नका बसू, जरा गळतोय.”

एसीखाली बादली ठेवलेली होती. तिच्यात टप टप पाणी पडत होतं. मी झालेलं सगळं सांगितलं. पत्रा काढा म्हटलं, निदान हात-दोन हात वर उचलून बसवा म्हणजे बाजूंनी हवा जाईल. जाळी लावा, कबुतरंही येणार नाहीत. आणि एसीची युनिटं समोरासमोर नकोत, सरकवा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “वाईट झालं. पण वहिनी, मुळात घरात व्यवसाय करणं नियमात बसतं का? दिवसभर शेगडी चालू ठेवल्यावर उकडणारच. त्याचा पत्र्याशी काय संबंध?”

“शेगडी त्या इतकी वर्षं चालवतायत. पडल्या या वर्षी.”

“वय होतं माणसाचं.”

बादलीत पाणी पडतच होतं. मला ते ऐकवेना. मी उठले, स्टूल घेतलं, एसीचं पुढचं झाकण उचललं आणि आतली जाळी बाहेर ओढली. जाळी कसली, राखाडी गोधडीच होती. बोटभर धूळ.

“अहो, हात नका लावू! वॉरंटी जाईल!”

“वॉरंटी ही जाळी धुवायला सांगते,” मी म्हटलं. “ही अशी गच्च झाली की हवा आत जात नाही, आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो, मग तो वितळून गळतो. नळाखाली धरायची, वाळवायची, परत बसवायची. मेकॅनिकने गॅस किती वेळा भरला यंदा?”

मी त्यांच्याच बाथरूममध्ये जाळी धुतली. काळं पाणी मोरीतून गेलं. बसवून एसी लावला, तर थोड्या वेळाने थेंब थांबले. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं, आभार मानायला तोंड उघडलं असावं असं मला क्षणभर वाटलं. ते म्हणाले, “तरी मेकॅनिकला विचारून घेतो.”

पुढच्या रविवारी चेअरमनांच्या घरी सभा होती. बाई हाताला पट्टी बांधून आल्या. मी बरोबर उदबत्ती नेली होती, शाळेची सवय. सगळ्यांना डक्टच्या खिडकीपाशी बोलावलं, उदबत्ती बाहेर धरून दाखवली. धूर वर जायच्या ऐवजी घुटमळून आत येत होता. लहान मुलांना हे दाखवलं की ती पुढे सरकून बघतात. इथे कुणी घड्याळ बघितलं, कुणी मोबाइल. दंतवैद्य म्हणाले, “इंटरेस्टिंग आहे.” तेवढंच.

“वहिनी,” चेअरमन म्हणाले, “उदबत्तीवर इमारत चालत नाही. आपण एखाद्या तज्ज्ञाचं मत घेऊ.”

“मग मी दुसरं काय घेऊन आलेय?” मी विचारलं.

हे माझ्या शेजारीच बसून मिनिट्स लिहीत होते. त्यांनी लिहिलं, चर्चा झाली. मी वाचलं ते. घरातल्या घरात झालेली ती सगळ्यात लहान फसवणूक होती, आणि मला ती सगळ्यात जास्त लागली.

सभा संपल्यावर जिन्यात बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे पाना आहे का?”

“कशाचा?”

“बोल्ट काढायचा. मी वर जाऊन बघून आलेय. आठ-दहा असतील. माझा एक हात दुखतो, नाहीतर एव्हाना काढले असते.”

मी घरात गेले. यांनी खडकीहून आणलेली हत्यारांची पेटी वर्षानुवर्षं माळ्यावर होती. त्या पेटीतल्या कुठल्याही वस्तूने या घरात एकही गोष्ट दुरुस्त झालेली नाही, पण दर दसऱ्याला तिला हळदीकुंकू मात्र न चुकता लागायचं. त्यातला पाना घेतला. टीव्हीवर क्रिकेटची मॅच होती. हे पंख्याखाली आणि इमारतीतला बाकी प्रत्येक पुरुष आपापल्या बंद पडणाऱ्या एसीखाली मॅच बघत होता. आम्ही दोघी साडीचे पदर खोचून गच्चीवर गेलो.

पत्रा हाताला चटके देत होता. बोल्ट गंजलेले. बाईंनी खोबरेल तेलाची बाटली आणली होती. एकेका बोल्टवर तेल सोडायचं, थोडं थांबायचं, मग दोघींनी मिळून पाना फिरवायचा. बाई प्रत्येक बोल्टला शिव्या देत होत्या, आणि त्या शिव्या बोल्टसाठी नव्हत्या हे कळत होतं. शेवटचा निघाला आणि आम्ही पत्रा एका बाजूने उचलला, तेव्हा खालून असा गरम झोत आला की मला तोंड फिरवावं लागलं. भट्टीचं झाकण उघडावं तसा. पत्रा आम्ही ओढत नेऊन पाण्याच्या टाकीमागे आडवा टाकला. बाई डक्टच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बाई, तुम्ही शाळेत कडक होतात म्हणे.”

“होते.”

“मग या लोकांचे कान का नाही पिळलेत वेळेवर?”

आम्ही दोघी गच्चीवर बसून किती हसलो! उन्हात, घामाघूम, हाताला गंज आणि तेल. त्या उन्हाळ्यातली माझी तीच एक चांगली दुपार.

दुसऱ्याच दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात उभं राहता येऊ लागलं. एसीही सरळ चालायला लागले. दोन-चार दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनांचा मेसेज आला की, नव्या गॅसमुळे सर्वांचे एसी उत्तम चालत आहेत, मेकॅनिकचे आभार. खाली ओळीने हात जोडलेली चित्रं. ही माणसं गच्चीवर कधी जात नाहीत, त्यामुळे डोक्यावरचा पत्रा गेल्याचं त्यांना समजायला कबुतरं परत यावी लागली. मी बाईंना म्हटलं होतं, आपणच जाळी आणून लावू. पण जाळीवाला अजून यायचा होता, आणि कबुतर चेअरमनांच्या बाथरूमच्या खिडकीवर आधी आलं.

मग नोटीस निघाली. सोसायटीच्या मालमत्तेची नासधूस. एक बाईंना, एक मला. माझी यांनीच टाइप केली, यांनीच पाकिटात घातली, आणि जेवताना ताटाशेजारी ठेवली.

“हे काय आहे?”

“मला करणं भाग आहे. माझं पदच तसं आहे.”

पत्रा परत ठोकला गेला, या वेळी आणखी घट्ट, कडेने सिमेंट लावून. बाईंनी नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोळ्यांचा हिशेब केला आणि पंधरवड्यात जागा सोडली. मुख्य रस्त्यामागच्या एका गल्लीत त्यांना तळमजल्यावर खोली मिळाली, रस्त्याकडे दार असलेली. सामान टेम्पोत चढवायला नागपूरचा मुलगा आणि मी होतो. चेअरमन गॅलरीतून बघत होते. त्यांनी वरूनच विचारलं, “मेंटेनन्स बाकी नाही ना?”

बाई गेल्या त्याच दिवशी मी घरी येऊन हात धुतले आणि यांना सांगितलं, “आजपासून स्वयंपाक तुम्ही करायचा.”

“म्हणजे?”

“म्हणजे कणीक, कुकर, भाजी. मी पुढच्या खोलीत पंख्याखाली बसणार. माझं पदच तसं आहे.”

त्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. उतरला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी बाहेरून मागवलं. दुसऱ्या दिवशीही. पण त्यांना बाहेरचं सोसत नाही, ही त्यांची आयुष्यभराची आवडती तक्रार, तेव्हा तिसऱ्या दिवशी आत जावंच लागलं. मी खोलीतून सांगत होते, डाळ किती, पाणी किती. आतून भांडी आदळल्याचे आवाज. मग ते बनियनवर बाहेर आले, चेहरा भिजलेला, म्हणाले, “आत फार उकडतंय गं.”

“हो का?” मी म्हटलं. “वय होतं माणसाचं.”

तो आठवडा त्यांनी काढला. खिडकी उघडायचे, बंद करायचे, टेबलफॅन ओट्यावर ठेवायचे, तर गॅस विझायचा. एकदा कांदा चिरता चिरता खिडकीतून मान बाहेर काढून बराच वेळ वर बघत उभे राहिलेले मी पाहिलं. माझ्याशी बोलून ते समजून घेऊ शकले असते. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात विज्ञानाची शिक्षिका आहे. पण नाही. माणसाला सांगून कळत नाही, भाजावंच लागतं, आणि तेही त्याचंच त्याला.

पुढच्या बैठकीला ते एक कागद घेऊन गेले. डक्टचं व्हेंटिलेशन, असा मथळा. त्यात लिहिलं होतं की पत्रा लोखंडी पायांवर दोन हात उंच बसवावा, बाजूंनी जाळी लावावी, आणि एसीची युनिटं एकासमोर एक येणार नाहीत अशी सरकवावीत. म्हणजे मी चेअरमनांच्या बादलीशेजारी बसून सांगितलं होतं तेच. फक्त आता ते टाइप केलेलं होतं आणि पुरुषाने आणलेलं होतं. ठराव चहा येण्याच्या आत मंजूर झाला. चेअरमन म्हणाले, “सचिवांनी अभ्यास केलाय.” नागपूरच्या मुलाने, जो तेव्हा बैठकीला हजर होता, मला खाली येऊन हे सांगितलं आणि वर म्हणाला, “काकू, मी सांगू का यांना, की तुम्ही आधी...”

“राहू दे,” मी म्हटलं. “त्यांना ते समजायला अजून एक ठराव लागेल.”

काम झालं. चांगलं झालं, ते मी नाकारणार नाही. आता डक्टमधून हवा सरळ वर जाते, एसी बंद पडत नाहीत, आणि मेकॅनिक सीझनला एकदाच येतो, नाराज चेहऱ्याने. यांना आता आमटी करता येते. त्या आमटीचं कौतुक व्हावं असं त्यांना वाटतं. मी गप्प जेवते.

बाईंच्या जागेत आता एक जोडपं राहतं, त्यांची फक्त एवढीच तक्रार असते की लिफ्ट नाही. बाईंना परत बोलवावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. नोटीस मागे घेतल्याचं कळवायचंही राहिलं.

ते सांगायला मीच गेले. गल्लीत त्यांचं दार उघडं होतं. ओटा दारालगत, रस्त्यावरच्या रिक्षा अगदी जवळून जात होत्या, धूळ येत होती. पण वारा होता. बाई पोळी लाटत होत्या. हातावरचा व्रण गुलाबी दिसत होता. मी सगळं सांगितलं. पत्रा वर उचलला, जाळी लावली, ठराव कुणी मांडला, कौतुक कुणाचं झालं.

त्यांनी लाटणं थांबवलं नाही. “मग? हार घालायला येऊ का त्यांना?”

“नाही. मी आपली सांगायला आले.”

“बरं केलंत.” त्यांनी पोळी तव्यावर टाकली. “बसा. त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो. इकडे, दारात बसा, वारा लागेल.”

मी दारात बसले. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, दाबली, ती टम्म फुगली. माझ्या हातावर तशीच गरम ठेवली, वर तूप आणि चिमूटभर मीठ. डबा न्यायला आलेले दोघे-तिघे बाहेर ताटकळत होते. बाई त्यांना म्हणाल्या, “थांबा. बाई जेवतायत.”